४१२ इंद्रजाल, एक पत्र्याची ट्रंक आणि पुनर्विकास: विकायचं कसं?

विद्या_ठाणे (६ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. फेब्रुवारीअखेर घर रिकामं करून द्यायचंय, मग अडीच-तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत. तिथे माझी पत्र्याची ट्रंक मावत नाही. ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्स (जुनी चित्रकथा-मालिका) आहेत, सगळी मराठी. काल दुपारी जमिनीवर मांडून मोजली, ४१२ भरली. सर्वांत जुना अंक १९६७ चा, सर्वांत नवा १९८८ चा. वेताळ (इंग्रजीतला फँटम, कवटीची अंगठी घालणारा जंगलातला नायक) जास्त, त्याखालोखाल मँड्रेक, मग बहादूर आणि थोडे फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी. भावाने त्यातल्या साठ अंकांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे बाइंड करून घेतले होते, बाकी ३५२ सुटे.

रद्दीवाल्याने ताणकाट्याला लावून बावीस किलो सांगितले. पंधराच्या भावाने ३३० रुपये. मी त्याला पाणी देऊन परत पाठवला.

भाऊ टोरांटोला असतो, तो म्हणतो टाक काढून. मुलगी म्हणते ऑनलाइन टाक, लाखात जातील. ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी खरं असणार. कुणी असा संग्रह विकलाय का? त्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मोठ्या संमेलनात, स्टॉल घ्यावा का?

---

कवटीगुहा

ताई, आधी दंडवत घ्या. एक सांगा, ट्रंकेत डिसेंबर १९७६ चा, बहादूरच्या पहिल्या कथेचा अंक आहे का? आबिद सुरतींचं लेखन, गोविंद ब्राह्मणियांची चित्रं. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला आपला देशी नायक त्या अंकातून आला. तो असला तर बाकीच्यांशी बोलायच्या आधी मला व्यनि (खासगी निरोप) करा.

मिस्टरांचा संग्रह का?

---

विद्या_ठाणे

माझा. भाऊ फक्त बाइंडिंगचे पैसे द्यायचा आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घालायचा.

बहादूरचा तो अंक आहे. मागचं मुखपृष्ठ सुटलंय पण हरवलेलं नाही.

---

तिरपागडे

जंगलात एक जुनी म्हण आहे: जो मिस्टरांचा संग्रह का असं विचारतो, त्याच्या हनुवटीवर कवटीचा शिक्का उमटतो.

---

रद्दी_राजा

मी ह्याच धंद्यात आहे, जुनी पुस्तकं, बावीस वर्षं. फोर्टच्या फुटपाथवर सुरुवात केली, आता घरून. कडू वाटेल पण ऐकून घ्या.

४१२ अंकांना एक भाव नसतो. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. एकूण ८०३ अंक. (क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण १२३ आणि १२४ संपामुळे निघालेच नाहीत. हे दोन अंक माझ्याकडे आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.) पहिले ३२ अंक नुसते वेताळाचे, ते तुमच्याकडे नाहीत. खरा मोठा पैसा तिथे असतो. ऐंशीच्या दशकात अंक साप्ताहिक झाला, त्यामुळे तो माल बाजारात भरपूर आहे. तुमच्या ३५२ पैकी मला वाटतं चाळीस-पन्नास अंक असे असतील की ज्यांच्यासाठी माणूस फोन करेल. बाकीचे हात फिरवून बघतील, भाव विचारतील, ठेवून देतील.

बाइंड केलेल्यांचं दुःख वेगळंच. बायंडरने कडा कापल्या असणार. कापल्यात ना? मग संग्राहक हात लावत नाही.

सगळा माल एकदम हवा असेल तर मी १८,००० देतो. उद्या टेम्पो पाठवतो.

---

कवटीगुहा

राजाभाऊ, धाग्यात दुकान नको. आणि १८,००० मध्ये तुम्ही ते पन्नास अंक काढून घेणार आणि बाकीचे शंभर-दीडशेने वर्षभर विकत बसणार.

---

रद्दी_राजा

हो. तोच तर धंदा आहे. वर्षभर जागा माझी, कागद खाणारी कसर माझी, "भाऊ थोडं कमी करा" ऐकणारे कान माझे. ताईंकडे सात आठवडे आहेत.

---

कागदकीडा

मी एका जुन्या ग्रंथालयात कागदाचं काम करते. भावाचं तुम्ही बघा, मी फक्त काय करू नका ते सांगते.

सेलोटेप लावू नका. सुटलेलं मुखपृष्ठ सुटलेलंच राहू द्या, टेपचा पिवळा डाग कधीच जात नाही. लॅमिनेशन तर बिलकूल नको. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. मधलं पान उघडून पिनेचे पाय नखाने नाही, बोथट सुरीने सरळ करा आणि मग काढा, किंवा काढूच नका. उन्हात "वाळवायला" ठेवू नका, न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन (लाकडातला घटक) असतं, उन्हाने कड तपकिरी होते. डांबराच्या गोळ्यांचा वास लागला असेल तर चार दिवस पंख्याखाली, सावलीत, पानं किंचित उघडी ठेवून. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्या कागदाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या कडक, कुरकुर वाजणाऱ्या घ्या.

आणि अंक उभे ठेवा. ट्रंकेत आडवे रचले की तळाचे अंक पापडासारखे होतात. तुमचे झाले असणार.

---

विद्या_ठाणे

झालेत. १९६७ चे नेमके तळाशी. बाइंडिंगच्या कडाही कापल्यात, एका ठिकाणी तर "वेताळ" मधला "वे" गेलाय.

---

हडसनकाठ

विद्याताई, न्यू जर्सीहून लिहितोय. इथे दोन छोट्या संमेलनांत स्वयंसेवक म्हणून टेबलं लावलीत, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क.

गंमत बघा, इंद्रजाल मुंबईत मार्च १९६४ ला निघालं आणि त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कला काही पोरांनी एका दिवसाचं कॉमिक संमेलन भरवलं. शंभरएक माणसं. विकणारे, विकत घेणारे, आणि "हा अंक तू वाचलास का" म्हणणारे. पुढे ब्रुकलिनचे फिल स्यूलिंग नावाचे शाळामास्तर १९६८ पासून दर ४ जुलैच्या सुमारास मोठं संमेलन भरवू लागले. सॅन दिएगोचं १९७० च्या ऑगस्टमधलं पहिलं मोठं संमेलन एका हॉटेलात झालं, तीनेकशे लोक होते. आज तिथे सव्वा लाखाच्या वर माणूस येतो.

आता मुद्दा. डेन्व्हरजवळच्या माइल हाय कॉमिक्स ह्या दुकानाचे चक रोझान्स्की सॅन दिएगोला ४४ वर्षं स्टॉल लावत होते. २०१७ ला त्यांनी जाहीर केलं, आता येणार नाही. जुनी कॉमिक्स विकणाऱ्या सर्वांत नावाजलेल्या माणसालाच कॉमिक कॉन परवडेना. जागेचं भाडं, मालवाहतूक, हॉटेल. आणि गर्दी येते ती सिनेमाचे कलाकार बघायला, खेळणी घ्यायला.

ह्याच रोझान्स्कींना १९७७ ला एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराचा संग्रह मिळाला होता. अठरा ते बावीस हजार कॉमिक्स, कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत, अंधाऱ्या जागी उभ्या थप्प्यांनी ठेवलेली, काल छापल्यासारखी. त्या अंकांना आजही बाकीच्यांपेक्षा जास्त भाव येतो, कारण कागद पांढरा आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात ते जमत नाही, त्यामुळे "स्थिती" ह्या शब्दाचं मनाला लावून घेऊ नका.

आणि हो, इथे प्रत कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून १० पैकी गुण देणारी कंपनी आहे, फ्लोरिडात. मराठी इंद्रजालसाठी त्या नादाला लागू नका. डबीचा खर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होईल, आणि मग वाचता येत नाही.

---

गोट्या_२००१

मी दोन वर्षं मुंबईच्या मोठ्या कॉनमध्ये मित्राच्या टेबलावर बसलोय. आम्ही स्टिकर आणि प्रिंट विकतो. खरं सांगू का काकू, तिथे कॉमिक्स कमी आणि टी-शर्ट जास्त जातात. तिकीट काढून आत आलेलं पब्लिक माझ्या वयाचं, निम्मे कॉस्प्ले करून (आवडत्या पात्राचा वेष घालून). त्यांना वेताळ माहीत नाही. एकदा शेजारच्या काकांनी जुन्या हिंदी कॉमिक्सचा खोका ठेवला होता. दिवसभरात लोकांनी खोक्याबरोबर फोटो काढले. विकले गेले नऊ.

शिवाय आवाज. शेजारी स्टेज असेल तर भाव सांगायला ओरडावं लागतं. आणि टेबलाचे पैसे आधी भरावे लागतात, जीएसटी नंबर विचारतात.

---

तिरपागडे

म्हणजे कॉमिक कॉनमध्ये कॉमिक विकत नाहीत. मंगल कार्यालयात मंगल होत नाही तसं.

---

रद्दी_राजा

जीएसटीवरून घाबरू नका. छापील पुस्तकांवर दर शून्य आहे, आणि घरातली जुनी पुस्तकं एकदा विकणं म्हणजे धंदा नव्हे. आयोजक नंबर मागतात कारण त्यांचा फॉर्म तसा असतो.

---

खुर्च्या_मोजणारा

धागा उशिरा पाहिला. आम्ही चौघांनी गेल्या दोन वर्षांत तीन वेळा जुन्या कॉमिक्सचा आणि बालमासिकांचा छोटा बाजार भरवलाय. नाव-बिव काही नाही, "रविवारी सकाळी शाळेत या" एवढंच. डोंबिवलीत. पुढचा ८ फेब्रुवारीला आहे. टेबल देतो. पण आधी हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील.

पहिल्या वेळी मंगल कार्यालय घेतलं, दुसरा मजला, लिफ्ट बंद. आमचा गिऱ्हाईक म्हणजे १९७० ते ८५ मध्ये शाळेत असलेला माणूस. म्हणजे आज गुडघे. अर्धे लोक खालूनच फोन करत होते, "अरे, खाली घेऊन ये ना दोन वेताळ." तेव्हापासून तळमजला. शाळेचं सभागृह ३,५०० रुपयांत, सकाळी ९ ते २. चौदा टेबलं, टेबलामागे ३०० घेतो, ४,२०० होतात. उरलेल्या सातशेत फलक आणि सतरंज्या. चहाचे आम्ही खिशातून घालतो. प्रवेश मोफत. दुसऱ्या वेळी वीस रुपये तिकीट लावून पाहिलं, दारातच वाद झाले, आणि वीस रुपये दिलेला माणूस आत येऊन हक्काने घासाघीस करतो.

तारीख धरताना तीन गोष्टी बघायच्या: भारताची मॅच, लग्नाचा दाट मुहूर्त आणि मेगाब्लॉक. तिसरीने आम्हाला एकदा मारलंय.

सगळ्यात महत्त्वाच्या खुर्च्या. टेबलाच्या पुढे खुर्च्या ठेवायच्या, मागे नाही. माणूस बसला की चाळतो, चाळला की एखादं चित्र ओळखीचं निघतं, आणि मग तो भाव विचारत नाही, "हा कितीला दिलात" असं विचारतो. ह्या दोन वाक्यांत फरक आहे. उभा माणूस दहा मिनिटांत निघून जातो. म्हणून मी आल्या माणसांपेक्षा खुर्च्या मोजतो, नाव त्यावरूनच पडलं.

सुटे पैसे आणा. यूपीआयचा क्यूआर कोड चालतो, पण शाळेच्या सभागृहात रेंज नसते.

---

कवटीगुहा

ताई, भाव लावायला मदत करतो. एकच विनंती, संच तोडू नका. १९७४ ते ७९ चे सलग असतील तर एकत्रच द्या. संग्रह म्हणून किंमत असते.

---

रद्दी_राजा

साफ चूक. सलग संच हवा असणारा माणूस शहरात एक-दोन. त्यांच्याकडे त्यातले सत्तर टक्के अंक असतातच. ते म्हणणार, मला फक्त एवढे अकरा द्या. मग उरला संच फाटका. आधीच सुटे विका.

---

हडसनकाठ

इथे राजाभाऊंना अनुमोदन, पहिल्यांदाच. भोकं भरणारे, म्हणजे संग्रहात राहिलेले अंक शोधणारे गिऱ्हाईक असतात, त्यांना क्रमांक हवा असतो. ताई, क्रमांकाची यादी करून धाग्यात टाका. ४४३ पर्यंत सलग क्रमांक आहेत, त्यापुढे खंड २० अंक १ असं नंबरिंग सुरू होतं, दोन्ही वेगळे लिहा. यादी निम्मं काम करते.

अवांतर: माझ्यासाठी १९६७ चे दोन घेऊन ठेवाल का? पाठवण्यात कायद्याची अडचण नाही ना? जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी असते म्हणतात.

---

कागदकीडा

१९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना, आणि हस्तलिखितं वगैरे ७५ वर्षांवरची. तुमचा वेताळ अजून साठीच्या आत-बाहेर आहे. पाठवा खुशाल. फक्त दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, कोपरे वाचवून. आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच विलीन झालंय, देशातल्या देशात त्यानेच जातं.

मात्र कुणी "स्कॅन करून पीडीएफ विका" असा सल्ला दिला तर तो घेऊ नका. अंक तुमचा, चित्रकथेचा हक्क तुमचा नाही.

---

विद्या_ठाणे (१९ जानेवारी)

यादी करायला नऊ संध्याकाळी लागल्या. अर्धा वेळ वाचण्यात गेला. मुलगी म्हणाली, आई तू पॅकिंग करतेयस का परीक्षेला बसतेयस.

एक लक्षात आलं. लहानपणी आम्ही वेताळाचं डेंकालीचं जंगल नकाशात शोधायचो. मूळ इंग्रजी कथेत त्या देशाचं नाव बेंगाली होतं आणि इथे छापताना बदललं, हे मला इतक्या वर्षांनी नवऱ्याकडून कळलं, आणि त्याने इंद्रजाल कधी वाचलेलं नाही.

चौतीस अंकांवर आमच्या सांगलीच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. वाचनालय बंद पडलं तेव्हा आम्ही ते चार आण्याला एक असे घेतले होते, चोरलेले नाहीत. शिक्क्याने भाव पडतो का?

---

रद्दी_राजा

पडतो. निम्मा.

---

खुर्च्या_मोजणारा

संग्राहकाला पडतो. सांगलीच्या माणसाला नाही. ते चौतीस वेगळ्या खोक्यात ठेवा आणि खोक्यावर गावाचं नाव लिहा.

---

विद्या_ठाणे (८ फेब्रुवारी, रात्री १०.५५)

आत्ता जेवले. पाय सुजलेत. वृत्तांत देते.

आठला पोचलो. मी, मुलगी आणि गोट्या_२००१ (हो, हा मुलगा खरंच आला, ओळखदेख नसताना खोके उचलायला. कॉस्प्लेत नव्हता). टेबल पाचवं, खिडकीशी. कागदकीडा ह्यांचं ऐकून ऊन येणारी बाजू चादरीने झाकली. तीन खोके केले. पहिल्यात पन्नास "फोन येणारे" अंक, प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने भाव. दुसऱ्यात सरसकट शंभर रुपये. तिसरा सांगली.

साडेनऊपर्यंत कुणी नाही. मग एकदम दहा-बारा जण. कवटीगुहा आले, बहादूरचा पहिला अंक हातात घेऊन सुटलेलं मुखपृष्ठ दोन बोटांनी जागेवर बसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. भाव मी सांगितलेला दिला, एक रुपया कमी मागितला नाही. आकडा इथे लिहीत नाही, त्यांच्या घरी हा धागा वाचतात.

एक गृहस्थ खुर्चीवर बसले आणि तासभर वाचत राहिले, चार वेताळ, दोन मँड्रेक. उठले, अंक क्रमाने लावून ठेवले, "छान" म्हणाले आणि गेले. मुलगी चिडली. मी नाही चिडले, आमच्या वाचनालयात असेच बसायचे लोक.

बाइंड केलेले सहा गठ्ठे मी खुर्चीखाली ठेवले होते, लाजेने. एका बाईंनी वाकून काढले. नातवाला वाचून दाखवायला हवेत म्हणाल्या, सुटे अंक तो फाडतो, हे जाडजूड बरे. "वे" गेलेला गठ्ठा त्यांनी मुद्दाम घेतला, म्हणाल्या ह्यात "ताळ" शिल्लक आहे, बास झालं. सहाही गेले. ह्याला राजाभाऊ काय म्हणतात?

सांगलीच्या खोक्यातले चौतीसपैकी एकोणतीस गेले. त्यातले अकरा एकाच माणसाने घेतले, त्यांनी शिक्क्यातली पुसट तारीख वाचून ते वाचनालय कुठल्या बोळात होतं ते सांगितलं. बोळ चुकीचा सांगितला, पण मी दुरुस्त केलं नाही.

एकूण २३७ अंक गेले, बाइंड धरून. १७५ उरले. पैसे मिळाले ते राजाभाऊंच्या १८,००० च्या दुपटीच्या थोडे पुढे, टेबल आणि रिक्षा वजा जाता. त्यात पहिल्या खोक्यातले एकेचाळीस अंकच मुख्य, बाकी शंभर-शंभरची चिल्लर. म्हणजे राजाभाऊंचा अंदाज बरोबर होता, भाव नव्हता.

---

रद्दी_राजा

मान्य. बाइंडचं मात्र मान्य नाही, ती बाई अपवाद.

उरलेल्या १७५ चे आठ हजार देतो. टेम्पो नको, स्कूटरवर येतो.

---

विद्या_ठाणे

दीडशे घेऊन जा, सात हजार द्या. पंचवीस मी ठेवतेय. ट्रंक भंगारात गेली, हे बुटांच्या खोक्यात मावतात. उभे.

---

हडसनकाठ

आणि माझे १९६७ चे दोन?

---

विद्या_ठाणे

बाजूला काढलेत. एकाचं शेवटचं पान नाही, सामान्यज्ञानाचं होतं, कथा पूर्ण आहे. चालेल का ते सांगा, नाहीतर तो मी ठेवते.

---

हडसनकाठ

पान नसलेलाच पाठवा.

---

खुर्च्या_मोजणारा

पुढचा बाजार जूनच्या आधी, पाऊस सुरू व्हायच्या आत. टेबलासाठी व्यनि करा. खुर्च्या ह्या वेळी चार कमी पडल्या.